मार कुठं गेला?

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं, की आधी तो घाटावरचा की घाटाखालचा ते सांगतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. बुलढाण्याहून खामगावला उतरणारा रस्ता बोथ्याच्या घाटातून, म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्याच्या पोटातून जातो. सुमारे 205 चौरस किलोमीटरचं हे जंगल. बिबट्या, अस्वल, रानडुक्कर सगळं आहे. 2019 साली यवतमाळकडच्या टिपेश्वरहून निघालेला एक पट्टेवाला वाघ 1300 किलोमीटरांहून जास्त चालून याच जंगलात येऊन राहिला होता. पण रात्री या रस्त्यानं गाडी घेऊन जाणाऱ्याला धास्ती असते ती रोह्याची, म्हणजे नीलगायीची. भरलेला नर दोनशे किलोच्या घरात जातो. गाडीच्या दिव्यांनी तो दिपतो, रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, आणि पळायचं मनावर घेतलं की कुठल्या बाजूला उडी घेईल याचा नेम नसतो.

या घाटाच्या वरच्या अंगाला एका गावात एक तरुण शेतकरी राहत होता. आयटीआयला वेल्डरचा ट्रेड केलेला, हाताला वळण असलेला. घरची सोयाबीन, थोडा कापूस, दोन म्हशी, ट्रॅक्टर आणि म्हातारी माय. पावसाळ्यात शेताच्या गाडरस्त्यावर चिखल गुडघाभर, म्हणून त्यानं एक सेकंडहँड फोर बाय फोर जीप घेतली. जीप चांगली होती, पण तिचा पुढचा बंपर त्याच्या मनात भरेना. पातळ पत्रा, वर प्लास्टिक. अंगठ्यानं दाबला तरी दबतो. ‘रोही आडवा आला तं हे काय कामाचं?’ असं म्हणत त्यानं ठरवलं, बंपर आपणच करायचा.

आणि काम त्यानं खरोखर मन लावून केलं, हे सांगितलंच पाहिजे. भंगारातून 100 मिलिमीटरचं सी चॅनेल आणलं, 5 मिलिमीटरची प्लेट आणली. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीला लावून पाहिला. प्लेट वाकवायला मशिन नव्हतं, तर ग्राइंडरनं अर्ध्या जाडीपर्यंत खाच मारली, पाइप घालून वाकवली आणि खाच वेल्डिंगनं भरून काढली. आधी नुसते टाके मारले, गुणिया लावला, दोन्ही कर्ण टेपनं मोजले, आणि मगच पक्कं वेल्डिंग धरलं. तेही एका दमात नाही. थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, मधे थंड होऊ देत, कारण एकाच बाजूनं ओढलं की लोखंड वाकडं होतं. शिवण अशी उतरली की ग्राइंडर मारायची गरज नव्हती. रेड ऑक्साईडचे दोन हात, वर काळा रंग. सगळं मिळून वजन साठ किलोच्या आसपास गेलं.

चासीला बंपर जोडताना त्याला एक गोष्ट खटकली. चासीच्या दोन्ही टोकांना कंपनीनं खोबणी पाडल्या होत्या, लोखंड आत दाबून केलेल्या. त्याच्यामागं चासी सलग आणि जाड होती. टोकालाच तेवढी कमजोर. त्याला वाटलं, लोखंड वाचवायला कंपनीनं काटकसर केलीय. त्यानं त्या खोबणींवर 6 मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवल्या आणि चारही बाजूंनी वेल्ड करून टाकल्या. आता टोकापासून मागपर्यंत कुठं कच्ची जागा म्हणून उरली नाही.

गावात बंपर बघायला माणसं आली. कुणी लाथ मारून पाहिलं, कुणी हातोडा. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, आमच्या तरुणपणी जीपगाड्यांना असंच चॅनेल असायचं. तरुणाला धन्यता वाटली. माय एकदा बंपरच्या कडेवरून हात फिरवून म्हणाली, “लय धार हाय रे याले.” त्यानं कडा थोड्या घासल्या आणि विषय मिटला.

पुढं दिवाळीच्या आधी खामगावच्या बाजारात सोयाबीनची पट्टी करून मायलेक रात्री परत येत होते. घाटाच्या वळणावर रोही उभा. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास. पोरानं ब्रेक दाबला, स्टिअरिंग ओढलं, रोही जंगलात निघून गेला आणि जीप रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर जाऊन आदळली.

पोरगा खाली उतरला. बॅटरी मारून पाहिलं. कठड्याचे दोन दगड निखळले होते. बंपरचा हातभर रंग उडाला होता, बाकी काही नाही. तो ओरडलाच, “माय, पाय! बंपरले काईच झालं नाई!” आतून उत्तर आलं नाही. माय जागेवरच बसली होती, पट्टा लावलेला, एका हातानं दुसरा खांदा धरलेला. तिचं हासळीचं हाड मोडलं होतं. पट्टा नसता तर डोकं काचेवर गेलं असतं. पट्ट्यानंच ती वाचली. पोराला मात्र कळेना. गाडीला तर काही झालं नाही, मग मायला एवढं कसं लागलं?

मायचा हात गळ्यात बांधून झाला, तिचं दुखणं थोडं उतरलं, तेव्हा तो जीप घेऊन खामगावला एका वेल्डिंगच्या दुकानात गेला. दुकानाचा मिस्त्री वयानं साठीपुढचा. जन्म ट्रॉल्या, वखर आणि ट्रकच्या बॉड्या करण्यात गेलेला. पोराची तक्रार साधी होती: डावीकडचं दार नीट लागत नाही, आणि गाडी एका अंगाला ओढते. बंपरबद्दल मात्र त्यानं अभिमानानंच सांगितलं. “पाय ना मिस्त्री, दगड फुटले पण हे वाकलं नाई.”

मिस्त्रीनं बंपरवर हात ठेवला. शिवण पाहिली. “काम चांगलं हाय तुहं,” तो म्हणाला. मग जरा वेळानं विचारलं, “हे वाकलं नाई. मंग मार गेला कुठं?”

पोराला प्रश्न समजला नाही. मिस्त्रीनं खिशातून प्लेटवर खुणा करायचा पांढरा खडू काढला आणि जीपच्या खाली शिरला. पोराला बॅटरी धरायला लावली. बंपरच्या मागं, जिथं ब्रॅकेट चासीला मिळतं, तिथं त्यानं पहिली फुली मारली. तिथं बोल्टची भोकं लांबट झाली होती. तिथून दोन वीत मागं, पोरानं मारलेल्या पट्ट्या जिथं संपत होत्या तिथं, चासीचा रंग बारीक सुरकुत्यांसारखा तडकला होता. बोट फिरवलं की कातडीला घडी पडावी तशी वळी हाताला लागत होती. तिथं दुसरी फुली. पुढच्या पाट्यांच्या शॅकलपाशी गंजाची ताजी भुकटी सांडली होती, म्हणजे सांधा सरकला होता. तिसरी. बॉडी चासीवर बसते त्या रबरी गुटक्यांपैकी डावीकडचा चिरला होता. चौथी. मग मिस्त्री बाहेर आला. दाराच्या फटीत त्यानं खडू घातला, वर तो सैल जाई, खाली अडके. पाचवी फुली दाराच्या बिजागरीवर. सीटचा पुढचा बोल्ट ज्या पत्र्यात होता तो पत्रा वर उचलला होता. सहावी.

तिथं तो थांबला. सीटवर हात ठेवून म्हणाला, “याच्या पुढची फुली गाडीवर नाई करता येत. या सीटवर कोण बसलं होतं?”

पोरगा काही बोलला नाही. मायचा गळ्यात बांधलेला हात त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

मिस्त्री पुन्हा पुढं आला आणि खोबणींवर मारलेल्या पट्ट्यांवर खडूनं टकटक केलं. “हे काहून बुजवलं?”

“कच्चं होतं ना तिथं.”

“कच्चं नोतं. मुद्दाम ठेवेल होतं. तुह्या घरी रोटाव्हेटर हाय?”

“हाय.”

“त्याच्या शाफ्टले बारका बोल्ट असते, शिअर बोल्ट. दगड लागला का तो तुटते. तवा तू काय करतं?”

“दुसरा बोल्ट टाकतो.”

“अन् कोणी शहाण्यानं तिथं पक्का बोल्ट टाकला तं?”

पोराला ते माहीत होतं. गावात एकानं तसं केलं होतं. बोल्ट सारखा तुटतो म्हणून हाय टेन्साइलचा टाकला, आणि पुढच्या दगडाला गिअरबॉक्सच फुटला. पन्नास रुपयांचा बोल्ट वाचला, हजारोंचा खर्च आला.

“तेच केलं तू,” मिस्त्री म्हणाला. “ह्या खोबणी म्हंजे गाडीचा शिअर बोल्ट. मार मरत नसते बापा, तो जागा बदलते. पुढचं लोखंड वाकलं तं तिथंच जिरते. पुढचं वाकलं नाई तं मागं जाते, आन् मागं माणूस बसेल असते. वाकायचं कोणीतरी असतेच. ते लोखंड असू दे.”

मिस्त्रीनं हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून घेतलं नव्हतं, पण पुस्तकही हेच सांगतं. ताशी चाळीस किलोमीटरनं कठड्यावर आदळणं म्हणजे सुमारे सहा मीटरांवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून, खाली पडणं. तो वेग शून्यावर यायला अंतर लागतं. गाडीचं तोंड चाळीस सेंटिमीटर दबलं तर आतल्या माणसाला थांबायला तेवढी जागा मिळते. चारच सेंटिमीटर दबलं, तर तोच धक्का ढोबळ हिशोबानं दहापट जोरानं बसतो. आणि वेग तिप्पट झाला की धक्क्यातली ऊर्जा तिप्पट नाही, नऊपट होते. सिंदखेड राजा, मेहकरवरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे, म्हणजे ताशी चाळीसच्या धक्क्यातल्या ऊर्जेच्या नऊपट. जुन्या म्हाताऱ्यांची चॅनेलवाली जीप कच्च्या रस्त्यानं रमतगमत जायची. तीस-चाळीसच्या वर क्वचित. तिच्यावरून आजच्या गाडीचा न्याय करता येत नाही.

शिवाय त्या काळी जगभर सगळ्यांचाच समज होता, की गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित. मर्सिडीज-बेंझमधल्या बेला बारेन्यी या अभियंत्यानं 1951 च्या सुमारास उलटा विचार मांडून पेटंट मागितलं: माणूस बसतो ती मधली पेटी कडक ठेवा, आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरडेल असा करा. 1959 साली तशी गाडी रस्त्यावर आली. आज शोरूममधल्या जवळजवळ प्रत्येक मोटारीच्या तोंडात ही युक्ती असते, आणि ती चुरडलेल्या अवस्थेतच कामाला येते म्हणून गिऱ्हाइकाला ती कमजोरी वाटते. मला वाटतं, इथंच आपल्यापैकी पुष्कळांची फसगत होते. जे तुटलं ते वाईट, जे टिकलं ते चांगलं, असं आपण डोळ्यांनी ठरवतो. तुटलेल्या वस्तूनं कुणाला वाचवलं हे विचारायचं राहून जातं.

एअरबॅगचंही तसंच. त्या जीपला ड्रायव्हरपुढं एक एअरबॅग होती. ती उघडली नाही. उघडायला हवी होती की नको, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. गाडीचं तोंड किती झपाट्यानं थांबतंय हे सेन्सर मोजतो, आणि त्यावरून बॅग उघडायची की नाही ते ठरतं. कंपनीनं तो हिशोब गाडीच्या मूळ तोंडावर बसवलेला. पोरानं तोंड बदललं, पण हिशोब जुनाच राहिला.

पोरगा घरी आला. मायला त्यानं सगळं सांगितलं, फुल्या कुठं कुठं पडल्या तेही. माय ऐकत होती. मग ती म्हणाली, “मागच्याचं सांगतलं तुह्या मिस्त्रीनं. समोरच्याचं काय?”

माय दर वर्षी गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला शेगावला पायी जायची. आजूबाजूच्या गावांतून दिंड्या निघतात, रस्त्याच्या कडेनं माणसांची रांग लागते. पहाटेचा अंधार, डोक्यावर बोचकी, कुणाच्या कडेवर लेकरू. तिनं उभं राहून पोराला बंपरची उंची दाखवली: तिच्या मांडीच्या वर, कमरेच्या जरा खाली. “मले धक्का लागला तं कंपनीचा बंपर दबते, म्हणतं तू. हा नाई दबत. आम्ही चाललो रस्त्यानं, अन् असा बंपर मागून आला, तं त्या गाडीवाल्याले खरचटाबी येणार नाई. तो उतरून म्हणन, काईच झालं नाई.”

पोरगा मान खाली घालून बसला. बंपर करताना त्यानं रोह्याचा विचार केला होता, दगडाचा केला होता. चालणाऱ्या माणसाचा केला नव्हता.

सरकारनं मात्र केला होता. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं, की गाड्यांना क्रॅश गार्ड किंवा बुल बार बसवणं मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 च्या विरुद्ध आहे आणि तेव्हाच्या कलम 190 व 191 खाली त्याला दंड होता. कारण म्हणून दोन्ही माणसं सांगितली होती, रस्त्यावरचा पादचारी आणि गाडीत बसलेला. तरी बाजारात गार्ड मिळतात, आणि आपल्या दुकानांतून ते बनवूनही दिले जातात. मिस्त्री स्वतः ते काम घेत नसे. त्यासाठी त्याला कलम पाठ असायची गरज पडली नाही; अपघातातल्या गाड्या कापताना त्यानं जे पाहिलं होतं, तेवढं त्याला पुरेसं होतं.

दुसऱ्या खेपेला पोरगा मायला घेऊनच खामगावला गेला. बंपर उतरवला. पट्ट्या कापायला मिस्त्रीनं गॅस लावू दिला नाही. चासी तापवली तर तिथलं लोखंड आणखी बिघडतं. पातळ चकती लावून ग्राइंडरनं वेल्ड तेवढं घासून काढलं, कंपनीचं लोखंड न खाता, आणि त्यात अर्धा दिवस गेला. चासीला पडलेली वळी ठोकून सरळ करायला मिस्त्रीनं साफ नकार दिला. एकदा घडी पडलेलं लोखंड पुढच्या वेळी त्याच जागी आधी वाकतं, आणि कसं वाकेल याचा भरवसा राहत नाही. चासीचं टोक अधिकृत ठिकाणीच बदलून घ्यावं लागलं. त्याचा खर्च बंपरच्या लोखंडाच्या कितीतरी पट झाला. सोयाबीनच्या पट्टीतले पैसे त्यातच गेले. कंपनीचा पातळ बंपर घरी माळ्यावर पडून होता, तोच पुन्हा चढला.

“चिखलात फसल्यावर ओढायले हुक तरी पक्का पायजे ना,” पोरगा म्हणाला. ते मिस्त्रीला मान्य होतं. त्यानं जीपचे मूळचे ओढायचे हुक तपासले, गंज काढला, बोल्ट 8.8 शिक्क्याचे टाकले आणि बजावलं, ओढताना पट्टा चांगला वापर, साखळी नको, आणि ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नको. रोह्यावर त्याचा इलाज फारच साधा होता: घाटात रात्री तीसच्या वर जायचं नाही. एक रोही दिसला की मागं दुसरा असतोच, म्हणून थांबायचं. समोर कुणी नसेल तेव्हा दिवे लांब, आणि काच आतून-बाहेरून पुसलेली. पोराला हे फारच किरकोळ वाटलं. पण तीसनं आदळण्यातला मार चाळीसच्या जवळजवळ निम्माच असतो, आणि बहुतेक वेळा आदळायची पाळीच येत नाही.

साठ किलोचा तो बंपर मिस्त्रीनं भंगारात घ्यायची तयारी दाखवली. पोरानं दिला नाही. गोठ्याच्या भिंतीला ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना सारखी लागायची; तिथं दोन खांब गाडून त्यानं तो आडवा बसवला. तिथं तो चांगला कामी आला. कडकपणाला जागा असते, फक्त ती निवडावी लागते.

गावातल्या आणखी दोघांनी त्याचा बंपर पाहून तसेच करून घेतले होते. एकाचा तर यानंच करून दिला होता, पैसे न घेता, मित्र म्हणून. पोरगा त्याच्याकडं गेला. मित्र ऐकेना. म्हणाला, तुही गाडी कच्ची असन. माह्यावाल्यानं मागच्या महिन्यात बाभूळ आडवी पाडली. पोरानं वाद घातला नाही. खिशातून खडू काढला, बॅटरी मित्राच्या हातात दिली आणि त्याला घेऊन गाडीखाली शिरला. बाभळीला धडकलेल्या त्या गाडीत तिसऱ्या फुलीपर्यंत मार पोचला होता. चासीवरची वळी मित्रानं स्वतःच्या बोटानं चाचपली, आणि मग विचारलं, “माही बायको बसते रे या बाजूले. खरंच एवढं आत जाते?”

पुढच्या रविवारी दोघांनी मिळून तो बंपर उतरवला. आठ बोल्टपैकी सहा पान्यानं निघाले, दोन गंजून बसले होते, ते ग्राइंडरनं कापावे लागले. दुपारपर्यंत काम झालं. तिसऱ्याच्या दारात मात्र अजून तसाच बंपर उभा आहे. तो पुण्याला असतो, दिवाळीला गाडी घेऊन येतो. पोरानं त्याला फोन करून ठेवलाय.